वादळात बंदरात थांबणाऱ्यांचंही कौतुक करा

महोदय,

शिडाच्या बोटीवर संसार थाटलेल्या जोडप्यावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. मनापासून लिहिलेला आहे. पण 'भर वादळात शीड उभारून निघाले' या प्रसंगाचं त्यात जे कौतुक झालंय, त्यामुळे हे पत्र लिहावंसं वाटलं. मी मूळची हर्णैची. नवरा आणि मी स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, ओबानजवळ, ३४ फुटी बोटीवर बारा महिने राहतो. इथे हिवाळाभर अटलांटिकवरून एकामागून एक वादळं येत राहतात. त्या दिवसांत बोटीवर राहणाऱ्याचं खरं कसब बंदरातच लागतं, आणि त्याबद्दल कुणीच लिहीत नाही.

२४ जानेवारी २०२५ चं एओविन वादळच घ्या. आयर्लंडमध्ये मेस हेडला वाऱ्याचा झोत ताशी १८० किलोमीटरच्या पुढे गेला, हा त्या देशातला विक्रम. इकडे मध्य आणि नैऋत्य स्कॉटलंडला रेड वॉर्निंग होती, रेल्वे बंद, फेरीबोटी बंद. आम्ही आधीच पुढचं गुंडाळतं शीड उतरवून केबिनमध्ये कोंबलं होतं. ते तसंच वर ठेवलं तर वारा त्याची एखादी कड उचकटतो, मग शीड फडफडून फाटतं आणि डोलकाठीही धोक्यात येते. बोट धक्क्याला बांधायचे दोर दुहेरी केले. नायलॉनचा दोर ताणला जातो म्हणून झटका सोसतो, पण बोटीच्या कडेवर जिथे घासतो तिथे बघता बघता झिजतो. त्या जागी आगीच्या बंबाच्या जुन्या पाइपचे तुकडे चढवले, आणि पाळीपाळीने बाहेर जाऊन प्रत्येक दोर हाताने चाचपत राहिलो. डोलकाठीच्या तारांमधून वारा असा किंचाळत होता की केबिनमध्ये एकमेकांशी ओरडून बोलावं लागत होतं.

वादळ येतं आणि जातं, ओल मात्र मुक्कामाला असते. श्वासाची आणि स्वयंपाकाची वाफ थंड भिंतींवर पाणी होऊन उतरते, गादी खालून भिजते, कपड्यांना बुरशी धरते. थंडी वाजते म्हणून सगळ्या फटी बुजवाव्याशा वाटतात, आणि घात तिथेच होतो. बंद केबिनमध्ये शेगडी किंवा नादुरुस्त हीटर चालला तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपेत माणूस जातो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, तो गळला तर बोटीच्या तळाशी जमतो, म्हणून चहा झाला तरी सिलिंडरचा कॉक बंद करायचा. ज्या तरुणांना असं राहावंसं वाटतं त्यांनी शिडं घेण्याआधी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्यावा, हे मी कळकळीने सांगते.

आम्ही हिवाळ्यात निघतच नाही असं नाही. ओबानहून टोबरमोरी साधारण २५ सागरी मैल, आमच्या वेगाने पाच तास. डिसेंबरात उजेडच जेमतेम सात तास. दोन वादळांमधली उसंत, मल सामुद्रधुनीतला भरतीचा ओढा आणि उजेड, हे सगळं जुळलं तरच दोर सोडायचे. रेडिओवरच्या सागरी हवामान वार्तापत्रात वादळ सहा तासांच्या आत येणार, सहा ते बारा तासांत येणार की त्याहून उशिरा, हे ठरलेल्या शब्दांत सांगतात. त्यावर आमचा दिवस ठरतो.

हे मला परकं वाटत नाही. आमच्याकडे पावसाळ्याआधी होड्या वर ओढून शाकारून ठेवत. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात न जाणाऱ्या माझ्या आजोबांना कुणी भित्रा म्हटलं नाही. उलट मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाचा इशारा आधी मिळूनही पी-३०५ हा तेलक्षेत्रातल्या कामगारांच्या मुक्कामाचा बार्ज मुंबईजवळच्या समुद्रातच राहिला, बुडाला, आणि कित्येक घरांतली कमावती माणसं गेली. ते आठवलं की वादळात निघण्याला शौर्य म्हटलेलं मला सहन होत नाही.

म्हणून एक विनंती. आपण रोज शहरांचं तापमान छापता. त्याशेजारी डहाणू ते वेंगुर्ला किनाऱ्यासाठी वाऱ्याचा वेग, लाटांची उंची आणि भरती-ओहोटीच्या वेळा छापाव्यात. हैदराबादची 'इन्कॉइस' ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था लाटांचा अंदाज देते, हवामान विभाग मच्छीमारांसाठी इशारे काढतो, म्हणजे माहिती तयारच आहे. पानावर चार ओळींची जागा पुरेल.

– एक वाचक, ओबान, स्कॉटलंड