आई, फोटोतले कपडे भाड्याचे आहेत

सोल, रविवार

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, सर्दी गेली. बाबा, उत्तर कोरियाच्या बातम्या बघत रात्री जागू नका, इथे सगळं सुरळीत चालू आहे.

आई, फोटो बघून तू "हे काय नवीन खूळ?" विचारलंस, म्हणून नीट सांगते. तो हानबोक, इथला पारंपरिक पोशाख. वर आखूड जोगोरी, खाली छातीपासून घोट्यापर्यंत घेरदार चिमा. ग्योंगबोकगुंग राजवाड्याजवळ तो तासांवर भाड्याने मिळतो. दुकानातल्या बाईंनी समोर उभं राहून छातीवरची फीत मनासारखी बसेपर्यंत सोडून सोडून बांधली, तू माझ्या निऱ्या बसवायचीस तशी. आणि हानबोक घातला की राजवाड्यात तिकीटच नाही! एरवी ३,००० वॉन पडतात. मुलगा असो, मुलगी असो, परदेशी असो, सगळ्यांना माफ. फक्त वरचा आणि खालचा दोन्ही कपडे अंगावर हवेत, नुसता घागरा चालत नाही. इथल्या मुलीसुद्धा भाड्यानेच घेऊन येतात. म्हणजे मी उगाच नटून हिंडत नव्हते, आणि एकटीही नव्हते, लॅबमधल्या मुली सोबत होत्या.

तिथून बुकछोनला गेलो. दोन राजवाड्यांच्या मधला चढ, दोन्ही बाजूंना काळसर कौलांची लाकडी घरं. बाबा, यातली बरीचशी १९२०-३०च्या दशकांतली आहेत. जपानी राजवटीत जोंग से-ग्वोन या माणसाने मोठ्या वाड्यांच्या जागा घेऊन त्यांवर कोरियन लोकांना परवडतील अशी छोटी घरं बांधली. त्यांत अजून माणसं राहतात, म्हणून मुख्य गल्लीत पर्यटकांना सकाळी १० ते संध्याकाळी ५ एवढीच मुभा, नाहीतर १,००,००० वॉन दंड. एका दाराबाहेर सुपात लाल मिरच्या वाळत होत्या. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. आजीच्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी नव्हते, दिवाळीलाही नव्हते. तिला सांगा, रोज आठवण येते.

पैसे मंगळवारपर्यंत खात्यात येतील. छपराचं काम थांबवू नका, आणि माझ्या कर्जाचा हप्ता दादाने भरायचा नाही, मी भरतेय.

नाशिकच्या स्थळाचं म्हणाल तर मुलाचा फोटो पाहिला. मी नाही म्हणत नाही. पण पीएच.डी. होईपर्यंत तारीख धरू नका. त्यांना थांबा म्हणणं तुम्हालाच जड जाणार, कळतं मला. हवं तर मी त्यांच्याशी स्वतः बोलते, नंबर पाठवा.

बाबा, गुडघ्याच्या गोळ्या संपायच्या आत आणा.

तुमची,
सई