अळी कुठल्या डासाची?

संपादक महोदय,

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीत डासांच्या सर्वेक्षणाला आलेल्या मुलीने बॅटरी मारून परसातला रांजण पाहिला. "अळी आहे काका, ओतून द्या," म्हणाली आणि वहीत 'होय'वर खूण करून पुढच्या घरी गेली. तिची काही चूक नाही, वहीत तेवढाच रकाना आहे. अळी कुठल्या डासाची, हे कोणी विचारतच नाही. मी कीटक समाहारक म्हणून, म्हणजे डास-अळ्या गोळा करून ओळखायची, नोकरी करून निवृत्त झालो, त्यामुळे मला ते खटकले.

डासांमुळे पसरणारा चिकुनगुनिया बार्शीकरांना नवा नाही. १९७३ साली इथे आलेल्या साथीत शंभरातली ३७ माणसे आजारी पडली. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. आईला भाकरी थापता येईना, म्हणून आठ-दहा दिवस वडिलांनी पिठलं-भात केला. पाटावरून उठताना ती भिंत धरायची. पुढे हा आजार जणू देशातूनच गेला आणि २००६ला परत आला तेव्हा देशभरातल्या संशयित रुग्णांचा आकडा १३ लाखांवर गेला. जुनाच रोग उलटला, असे सगळे म्हणाले. आम्हीही म्हणालो. पण पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने जुने-नवे नमुने ताडून पाहिले, तर बार्शीचा १९७३चा विषाणू आशियाई वाणाचा निघाला आणि २००६चा आफ्रिकी. हा आफ्रिकी वाण पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या यवतमध्ये २००० सालीच हाती लागला होता. तोही माणसाच्या रक्तात नव्हे, पकडलेल्या एडिस इजिप्ती डासांत!

दोन वाणांच्या चढाओढीचा निकाल पुष्कळदा डासाच्या पोटातच लागतो. रक्ताबरोबर आत गेलेल्या विषाणूला आधी आतड्यात पाय रोवावा लागतो, मग ते ओलांडून लाळेच्या ग्रंथींपर्यंत पोचावे लागते. तिथवर न पोचलेला वाण पुढच्या माणसात जात नाही. २००५-०६मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर चिकुनगुनियाची मोठी साथ आली. तिथे इजिप्ती तुरळक, सगळा कारभार त्याच्याच भाऊबंदाचा, एडिस अल्बोपिक्टस या डासाचा. तिथल्या विषाणूच्या वेष्टनातल्या एका प्रथिनात, २२६व्या जागी, अॅलानीन हे अमिनो आम्ल (प्रथिनाचा एक मणी म्हणा) जाऊन व्हॅलीन आले होते. फरक तेवढाच. टेक्सासमधल्या शास्त्रज्ञांनी हा बदल असलेला आणि नसलेला असे दोन्ही विषाणू सारख्या प्रमाणात एकाच रक्तात कालवून डासांना पाजले. अल्बोपिक्टसमध्ये बदललेल्या विषाणूने दुसऱ्याला पार मागे टाकले. इजिप्तीमध्ये त्याला तशी सरशी मिळाली नाही. हा अभ्यास २००७चा.

आपल्याकडे २००६ला जो विषाणू फिरत होता त्यात हा बदल नव्हता, आणि आपल्या घराघरात इजिप्तीच होता. दुसऱ्याच वर्षी केरळात बदललेला विषाणू सापडला. तिथे रबराचा चीक धरायच्या वाट्यांत पावसाचे पाणी साचते आणि त्यात अल्बोपिक्टस वाढतो. रबराच्या बागा आता आपल्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्गातही आहेत.

म्हणजे कुठल्या गावात कुठला डास जास्त, यावर कुठला वाण तिथे माजेल हे बरेचसे ठरते. आणि आपण मोजतो काय, तर 'अळी : होय/नाही'. बाकी धूरफवारणीचा फोटो दरवर्षी छापून येतो (आपल्याही पानावर). ओळखायला फार काही लागत नाही. अळ्या पाण्यासकट बरणीत घालायच्या, तोंडाला जाळीचे कापड बांधायचे. काही दिवसांत डास बाहेर पडतात. हातभिंगाखाली पाहिले की इजिप्तीच्या पाठीवर वीणेच्या आकाराची पांढरी नक्षी दिसते, अल्बोपिक्टसच्या पाठीवर मधोमध एकच सरळ रेघ. नव्या मुलांना हे एका दुपारी शिकवता येते. वहीत दोन रकाने वाढवावेत आणि दर पावसाळ्यात काही ठिकाणचे डास पकडून विषाणूसाठी तपासायला पाठवावेत, एवढेच माझे म्हणणे. यवतचा वाण डास पकडले म्हणून सापडला. साथ डोळ्यांना दिसायला तेव्हा आणखी पाच-सहा वर्षे होती.

त्या दिवशी रांजण ओतण्याआधी मी थोड्या अळ्या बरणीत काढून ठेवल्या होत्या. काल सात डास निघाले. सहा इजिप्ती, एक अल्बोपिक्टस. हा आकडा कुठे नोंदवायचा, ते मात्र मला अजून कोणी सांगितलेले नाही.

— एक निवृत्त कीटक समाहारक, बार्शी (जि. सोलापूर)