कुडाळच्या फ्रेमवाल्या काकांना, मनापासून

काका, सप्रेम नमस्कार.

आबांचे फोटो काल भिंतीवर लागले. आई कितीतरी वेळ समोरून हलली नाही. फोनवर तुमच्याशी धड बोलता आलं नाही, गळा दाटून आला, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

आबांनी स्वतः डार्करूममध्ये काढलेले प्रिंट ते. शहरातल्या एका नावाजलेल्या दुकानात विश्वासाने दिले होते. पैसे चोख घेतले आणि फोटोभोवती लावला काय, तर लाकडाच्या लगद्याचा साधा पुठ्ठा! काही पावसाळ्यांतच पुठ्ठ्यात फोटोसाठी कापलेल्या खिडकीची तिरपी कड तपकिरी झाली, तो डाग प्रिंटवर उतरला, मागची चिकटपट्टी पिवळी पडली. विचारायला गेले तर "कोकणातली हवाच तशी" म्हणून बोळवण. हवा दमट आहेच. पण पुठ्ठ्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडातलं पिवळं पडणारं द्रव्य, आणि आम्ल काय मालवणच्या हवेने घातलं?

तुम्ही आधी फोटोभोवती लावायचा बोर्डच माझ्या हातात दिलात. शंभर टक्के कापसाचा, कापल्यावर आतही तितकाच पांढरा. नुसतं 'ॲसिड फ्री' वाचून भुलायचं नाही, फोटोला अपाय होतो का ते पाहणारी फोटोग्राफिक ॲक्टिव्हिटी टेस्ट उतरलेलाच बोर्ड मागायचा, हे तुमच्याकडून कळलं. सायनोटाइपला, म्हणजे निळ्या रंगात उमटणाऱ्या प्रिंटला, आम्ल मारायला कॅल्शियम कार्बोनेट (बफर) घातलेला बोर्ड सोसत नाही, निळा उडतो, म्हणून तेवढ्या एकासाठी बिनबफरचा बोर्ड मागवलात.

पण मनात घर करून राहिलंय ते वेगळंच. जुनी फ्रेम उघडली आणि मालवणच्या दांडी किनाऱ्यावरच्या रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, फोटोखालच्या कोऱ्या पट्टीत आबांची शाई दिसली: 'दांडी, रापण, 1971'. आधीच्या माणसाने ती पुठ्ठ्याखाली दडपली होती. तुम्ही चष्मा पुसलात, वाकून वाचलंत. "बापाशीचा अक्षर मां ह्या? मगे ता झाकूचा कित्याक?" आणि आखून झालेली खिडकी खोडून खालची रेघ अर्धा इंच खाली घेतलीत. मी काही म्हटलंही नव्हतं.

दुसऱ्याच्या घरचं माणूस इतकं जपणारी माणसं आपल्या या पट्ट्यात अजून आहेत, गाजावाजा न करता दुकानं चालवताहेत, याचा मला फार अभिमान वाटतो.

पेटीत अजून बरेच प्रिंट आहेत. पावसाळ्यात फ्रेम बंद केली की ओल आत कोंडते, असं तुम्ही बजावलंय. तेव्हा दिवाळीनंतर घेऊन येते. आईने तुमच्यासाठी आमसुलं वाळवून ठेवलीत. ती मात्र नाही म्हणू नका.

तुमची,
आबांची मुलगी