ज्ञानदेवांच्या सख्याचीही आठवण ठेवावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कार्तिक वद्य त्रयोदशी जवळ आली की आळंदीच्या बातम्या सुरू होतात. दर्शनबारी, इंद्रायणीचे प्रदूषण, एसटीच्या जादा गाड्या यांच्या जोडीला ज्ञानेश्वर महाराजांवर एखादा लेख येतो आणि त्यात रेड्यामुखी वदविलेले वेद व चालविलेली भिंत हमखास असते. या सगळ्यात ज्ञानदेवांनी नामदेवांशी जोडलेले आणि अखेरपर्यंत सांभाळलेले सख्य मात्र वर्षानुवर्षे बाजूला पडते. त्याविषयी चार शब्द लिहावेत म्हणून हे पत्र.

शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाली तेव्हा, रूढ जन्मशक धरला तर, ज्ञानदेव पंधरा वर्षांचे होते. संन्याशाची पोरे म्हणून समाजाने या भावंडांना वाळीत टाकले आणि परंपरा सांगते त्याप्रमाणे आईवडिलांना देहान्त प्रायश्चित्त घ्यावे लागले. तरीही इतक्या मोठ्या ग्रंथात छळणाऱ्यांविषयी एकही कडवट शब्द आढळत नाही. इतक्या स्थिर चित्ताच्या तरुणाला कोणाच्या सोबतीची गरज नसावी, असे आपल्याला सहज वाटते. नामदेवांच्या गाथेतील तीर्थावळीचे, म्हणजे या दोघांच्या तीर्थयात्रेचे अभंग मात्र वेगळे चित्र दाखवतात. ज्ञानदेव आपण होऊन पंढरपुरास जातात आणि तीर्थयात्रेला तुमची संगत हवी, अशी नामदेवांची विनवणी करतात. एक नाथपंथाची दीक्षा लाभलेला, ब्राह्मण कुळातला तत्त्वज्ञ; दुसरा शिंप्याच्या घरचा, विठ्ठलाचे पाय सोडून कोठेही जाण्यास नाखूश असलेला भक्त. मला येथे सर्व काही आहे, पांडुरंगाला विचारा, असे नामदेव सांगतात. ज्ञानदेव त्यावर रागावत नाहीत आणि वेदान्त सांगून मित्राला निरुत्तरही करत नाहीत. देवाने नामदेवांचा हात त्यांच्या हाती दिल्यावरच ते वाटेला लागतात.

पुढे मारवाडच्या वाळवंटात दोघांना तहान लागते. विहीर खोल आहे, दोर नाही. ज्ञानदेव योगसिद्धीने सूक्ष्म होऊन तळाशी उतरतात, पाणी पितात आणि मित्रासाठीही आणू म्हणतात. नामदेव नाही म्हणतात आणि विठ्ठलाचा धावा करतात. विहीर भरून वाहू लागते. ही कथा चमत्कार म्हणून सांगितली जाते, पण मला तिच्यातली पुढची गोष्ट मोलाची वाटते. आपली सिद्धी मित्राच्या प्रेमापुढे थिटी ठरली, हे पाहून ज्ञानदेव त्याचा गौरव करतात. एवढी योग्यता अंगी असताना मित्राचा मोठेपणा मोकळेपणाने मान्य करणे सोपे नाही.

गोरोबाकाकांनी, म्हणजे संत गोरा कुंभारांनी, संतांची डोकी मडक्यांसारखी थापटून पाहिली आणि नामदेवांना कच्चे ठरवले, तेव्हा ज्ञानदेव मित्राची बाजू घेत नाहीत, हे काहींना खटकते. मला ते खटकत नाही. त्या अपमानातूनच नामदेव आपल्या गुरूंपर्यंत, विसोबा खेचरांपर्यंत पोहोचले. त्या दिवशी ज्ञानदेवांनी भीड धरली असती, तर मित्राचे नुकसानच झाले असते. ज्याला मित्राचे हित कळते, तो काही वेळा गप्प राहतो.

या दोघांच्या अभंगांत नंतरची भर किती, याबद्दल अभ्यासकांत वाद आहे आणि तो योग्यही आहे. तरीसुद्धा शके १२१८, म्हणजे १२९६ सालच्या समाधीप्रसंगाचे जे चित्र आज मराठी मनात आहे, ते नामदेवांच्या नावावरील अभंगांनीच रेखाटलेले आहे. त्यांत नामदेवांची मुले समाधीची जागा झाडतात. निवृत्तिनाथांसारख्या गुरूचा धीर सुटतो, नामदेव तर आक्रोश करतात. आणि ज्ञानदेव तीन वेळा हात जोडून डोळे मिटतात. त्यांच्या शांतपणात कोरडेपणा नाही, हे त्याच मित्राने लिहून ठेवले आहे. आजही त्रयोदशीला आळंदीत नामदेवांच्या वंशजांचे कीर्तन होते आणि ते समाधीच्या अभंगांपाशी आले की मंडपातले धट्टेकट्टे शेतकरी उपरण्याने डोळे पुसतात.

नामदेव त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे जगले. परंपरेनुसार ते पंजाबात घुमानपर्यंत गेले, आणि गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. २०१५ साली घुमानला साहित्य संमेलन भरले तेव्हा आपण या प्रवासाचे कौतुक केले, ते योग्यच होते. पण पंढरीची वेस ओलांडायला नाखूश असलेल्या या भक्ताला पहिल्यांदा उत्तरेची वाट दाखवली ती त्याच्या तरुण मित्राने, हे त्या वेळी फारसे कोणी बोलले नाही.

आपल्या शाळांतून पसायदान रोज म्हटले जाते. त्यात भूतमात्रांच्या मैत्रीचे मागणे मागणाऱ्याने स्वतः मैत्री कशी केली, हे मुलांना कोणी सांगत नाही. म्हणून माझी विनंती अशी की, येत्या कार्तिक वद्य पक्षात आपल्या वृत्तपत्राने तीर्थावळीतील निवडक अभंग सोप्या अर्थासह रोज एक याप्रमाणे छापावेत आणि विहिरीच्या कथेपासून सुरुवात करावी. जागेची अडचण असेल तर एका वर्षी भिंतीची कथा वगळली तरी चालेल; ती सर्वांना पाठ आहे.

आपला नम्र,
एक वारकरी वाचक, पुणे