फ्रेमवाल्या काकांना मनापासून थँक्यू

काका, नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर एवढं मोठं काही वाचत नाही हे माहितेय मला, म्हणून तुमच्या नातवाला सांगून ठेवलंय, तो वाचून दाखवेल. पण सगळ्यांसमोर लिहायचं कारण असं की कॉलेजच्या अ‍ॅन्युअल एक्झिबिशनला माझी पोर्ट्रेट्स लागल्यापासून जो भेटतोय तो विचारतोय, क्लास कुठं लावलावतास, आणि याचं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही. कोल्हापुरातल्या एका गल्लीत फोटो फ्रेमचं दुकान, पुढं देवांच्या तसबिरी टांगलेल्या, आत काच कापायचं टेबल आणि त्याच्या कडेला एक स्टूल, तिथं बसून शिकले म्हटलं की लोकांना वाटतं मी सांगायचं टाळतेय.

फाउंडेशनला, म्हणजे चित्रकलेच्या पायाभूत कोर्सला, होते तेव्हा मी रोज कॉपीच करायचे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांपासून हात चालायचा, मग लायब्ररीत बार्गच्या प्लेट्स सापडल्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शार्ल बार्ग हा फ्रेंच माणूस, त्यानं जेरोम या मोठ्या पेंटरबरोबर 1860 च्या दशकात विद्यार्थ्यांनी बघून काढाव्यात म्हणून छापील प्लेट्सचा कोर्स काढला, कान, नाक, पाय, पुतळ्यांची डोकी, सगळं सोप्याकडून अवघडाकडं. व्हॅन गॉगनं सुरुवातीला याच प्लेट्स घोटल्या आणि 1890 ला, म्हणजे आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, भावाकडं त्या परत मागितल्या. मला याचं फार बळ वाटायचं, कारण आजूबाजूला सतत ऐकू यायचं की कॉपी कशाला करतेस, स्वतःचं काहीतरी काढ. आणि स्वतःचं काढायला बसलं की समोरच्या जिवंत माणसाचं तोंड काही केल्या जुळायचं नाही.

तुमच्याकडं मी आले ती माउंट बोर्डच्या, म्हणजे फोटोभोवती कडेनं लावतात त्या जाड पुठ्ठ्याच्या, तुकड्यांसाठी. फ्रेमच्या माउंटला मधे खिडकी कापली की आतला तुकडा वाया जातो, तो चांगला जाड असतो, चारकोल मस्त धरतो, आणि तुम्ही ते गठ्ठा बांधून ठेवायचात. पैसे विचारले तर म्हणालात, "पैसं ऱ्हाऊ देत, काय काढतीस ते दाखवत जा." एक्झिबिशनला लागलेली सगळी चारकोल पोर्ट्रेट्स त्याच तुकड्यांवर आहेत काका, काही गोल, काही लंबगोल. लोक विचारत होते हा शेप मुद्दाम घेतला का, आणि मी अभिमानानं सांगितलं की आमच्या काकांनी कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोसाठी माउंट कापलं, त्यातून निघालेला तुकडा आहे हा.

मग तुम्ही माझ्या कॉप्या बघायला लागलात. तुम्ही कधी छान म्हणाला नाहीत, वाईटही म्हणाला नाहीत, तुमचा एकच प्रश्न असायचा, "ह्यातनं काय घेतलंस?" माझ्याकडं उत्तर नसलं की तुम्ही परत काच कापायला लागायचात. एकदा म्हणालात की सगळं चित्र नको काढू, हे काढणाऱ्या माणसाला एकच गोष्ट विचार, नुसता सावलीतला गाल कसा केलाय तेवढं काढ आणि उठ. माझं सगळं शिक्षण तिथून सुरू झालं असं मी मानते. तेव्हापासून मी अख्खी कॉपी क्वचितच केलीय. सार्जंट या अमेरिकन पोर्ट्रेट पेंटरचा नुसता कपाळावरचा उजेड, गोव्याच्या त्रिंदाद या पेंटरच्या पोर्ट्रेटमधली नुसती मान जिथं कॉलरमध्ये जाते तेवढीच जागा, चित्रकार धुरंधरांच्या चित्रातली नऊवारीची नुसती एक निरी. आणि सार्जंट स्वतः 1879 ला माद्रिदला जाऊन वेलाझक्वेझ आणि पुढच्या वर्षी हार्लेमला जाऊन फ्रान्स हाल्स या जुन्या पेंटरांची चित्रं कॉपी करत बसला होता, हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "मग, शिकायला जायलाच लागतंय की कुणाच्या तरी दारात."

तो लक्ष्मीचा फोटो आठवतो का? कुणीतरी जुनी तसबीर काच बदलायला आणली होती, रविवर्म्याची लक्ष्मी, साडीच्या काठाला जर आणि टिकल्या चिकटवलेल्या, खाली बारीक अक्षरात प्रेसचं नाव. रविवर्म्यानं 1894 ला मुंबईत छापखाना काढला, तो नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथली ही चित्रं महाराष्ट्रातल्या घराघरांत लागली हे पुस्तकात वाचलं होतं, पण काचेमागून बाहेर काढलेली तसबीर मी पहिल्यांदाच बघत होते. तुम्ही ज्यांची होती त्यांना फोन करून विचारलंत, पोरगी शिकतीया, एक दिवस ठेवू का, आणि मग माझ्या हातात भिंग दिलंत. लांबून जो गाल एकसंध मऊ दिसतो तो जवळून नुसते ठिपके, गुलाबी, पिवळसर, मधेच निळसर, आणि गालाच्या कडेला रेघच नाही. ठिपके विरळ होत जातात आणि मागचा रंग सुरू होतो. मी दिवसभर तो एक गाल बघत आणि काढत बसले, संध्याकाळी तुम्ही मागून येऊन एवढंच म्हणालात, "कड कुठं संपती ते बघितलंस न्हवं?" आज मी माणसाचा चेहरा काढताना आधी कड शोधते, कुठली धारदार, कुठली विरघळलेली. तो दिवस मिळाला नसता तर हे पुस्तक वाचून कळलं असतं असं मला अजिबात वाटत नाही. (त्या घरच्यांनाही थँक्यू, तुमच्याकडून पोचवा.)

हळदणकरांच्या ग्लो ऑफ होपचंही तसंच. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं ते चित्र, हातात दिवा घेतलेली बाई, दुसऱ्या हाताचा आडोसा, खूप लोक अजून ते रविवर्म्याचंच समजतात पण ते आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं, त्यांची मुलगीच मॉडेल होती आणि अख्खं वॉटरकलरमध्ये आहे. वॉटरकलरमध्ये सगळ्यात उजळ जागा म्हणजे कोरा कागद, तो आधीपासून राखून ठेवावा लागतो, नंतर वरून पांढरा फासून तो उजेड येत नाही. मी प्रिंटवरून बोटांच्या फटींतला लाल रंग मिसळायला बसले होते आणि जमत नव्हतं, तुम्ही शटर अर्धं ओढलंत, देवापुढची समई आणून ठेवलीत आणि माझाच हात ज्योतीपुढं धरायला लावलात. बोटांच्या कडा आतून पेटल्यासारख्या लाल, आणि तळव्याच्या मागची बाजू एकदम थंड, करडी. ते बघितल्यावर परत प्रिंट बघितली तर हळदणकरांनी काय काय सोडून दिलंय आणि काय ठेवलंय ते दिसायला लागलं. चित्रातून माणसाकडं आणि माणसाकडून परत चित्राकडं, हे येणं-जाणं तुम्ही माझ्याकडून इतकं करून घेतलंत की आता ती सवयच झालीय.

आणि रंग. तुम्ही तरुणपणी सिनेमाचे बॅनर रंगवायचात हे मला फार उशिरा कळलं, तुम्ही स्वतःहून सांगितलंच नव्हतं. चौकोन टाकून एवढासा फोटो थिएटरएवढा करायचा, पावडरचे रंग जवसाच्या तेलात कालवायचे, आणि चेहऱ्याला पिवळी माती, लाल, काळा, पांढरा एवढ्यावर भागवायचं, कारण बाकीचे रंग महाग. नंतर मी स्वीडनच्या अँडर्स झोर्नबद्दल वाचलं, त्याच्या 1896 च्या सेल्फ पोर्ट्रेटमध्ये हातातल्या पॅलेटवर जवळजवळ हेच रंग दिसतात आणि जगभरचे विद्यार्थी आज त्याला झोर्न पॅलेट म्हणून शिकतात. काळ्यात पांढरा घातला की शेजारच्या लालसर रंगामुळं तो निळा वाटतो, हे तुम्ही मला काचेच्या तुकड्यावर रंग घासून दाखवलंत, आणि कॉलेजात ते लेक्चरला आलं तेव्हा मी मनात म्हटलं, हे तर आमच्या दुकानात झालंय.

सगळ्यात जास्त थँक्यू मात्र माणसांसाठी. पोर्ट्रेट शिकणाऱ्याला कागद-रंग मिळतात हो, बसणारा माणूस मिळत नाही. घरचे दहा मिनिटांत उठतात. तुम्ही येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, "फ्रेम हुईस्तोवर बसा, पोरगी चेहरा काढती," असं सांगायचात आणि लोक बसायचे. नवऱ्याचा फोटो मोठा करून घ्यायला आलेल्या त्या आजी एक शब्द न बोलता बसल्या होत्या, आणि मला त्यांच्या डोळ्यांपेक्षा ओठ मिटून धरल्यामुळं हनुवटीवर पडलेली सुरकुती काढणं जास्त महत्त्वाचं वाटलं, ते चित्र बघून त्यांनी माझा हात धरला होता.

आणि तालमीतले ते वस्ताद! त्यांचा कान. पैलवानांचे कान कुस्तीत घासून, मोडून गोळा झालेले असतात, आत घडीच राहत नाही, आणि माझ्या डोक्यात बार्गच्या प्लेटमधला कान पक्का बसलेला. मी थांबले तसं तुम्ही मागून म्हणालात, "तो फ्रेंच कान घरी ठेव, ह्यो कान वस्तादांनी कमावलाय." वस्ताद इतके खूश झाले की पाठ ताठ करून तासभर हलले नाहीत. मी तो कान डोळे बारीक करून आधी नुसता एक गडद ठिपका म्हणून मांडला, मग त्यात कुठं उजेड लागतोय तेवढंच काढलं, आणि एक्झिबिशनमध्ये सगळ्यात जास्त माणसं त्याच चित्रापुढं थांबली. वस्तादांचा मुलगा बघायला आला होता, तो म्हणाला की कानावरनंच ओळखलं.

टाउन हॉल म्युझियमला कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान यांची चित्रं बघायला तुम्हीच पाठवलंत, फोन घरी ठेवून जा असं सांगून, तेही राहिलं होतं लिहायचं.

काका, तुमच्याकडं कसलीही डिग्री नाही आणि तुम्ही स्वतःला आर्टिस्टही म्हणवून घेत नाही, पण मला चेहरा बघायला तुम्ही शिकवलंत, आणि त्यासाठी तुमचा वेळ, जागा, चहा आणि गिऱ्हाइकं सगळं दिलंत, दुकानाचा खोळंबा झाला तरी कधी कपाळाला आठी घातली नाहीत. मी हे विसरणार नाही.

आता दोन कामाच्या गोष्टी. ज्युनियरच्या दोन मुली पुढच्या आठवड्यात तुमच्याकडं येतील, माउंटचे तुकडे मागायला, त्यांचा हात चांगला आहे पण माणसासमोर बसायला घाबरतात, त्यांना स्टूल द्या. आणि तुम्ही इतकी वर्षं सगळ्यांना बसवलंत पण स्वतः बसायचं म्हटलं की काहीतरी काम काढता. या रविवारी दुकान उघडायच्या आधी मी ऑइलचं सामान घेऊन येतेय, काकूंना सांगून ठेवलंय, तो निळा शर्टच घाला.

तुमची,
स्टुलावरची पोरगी