पल्लवीच्या मुलाखतीची तयारी

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

पल्लवीची फौजदारकीची (पोलीस उपनिरीक्षक, पीएसआय) मैदानी परीक्षा झाली, आता मुलाखत. गावातले लोक शिपाई भरती आणि फौजदारकी एकच समजून तुम्हाला काहीबाही सांगतील. शिपायाच्या भरतीत मुलाखतच नसते, मैदानी ५० आणि लेखी १०० गुणांवर निवड होते. फौजदारासाठी मात्र लोकसेवा आयोग (एमपीएससी) ४० गुणांची मुलाखत घेतो, आणि एकेका गुणानं नाव यादीत वरखाली होतं. म्हणून हे दिवस तिला वावरातल्या कामाला लावू नका. तूर सोंगायला मजूर सांगा.

पुस्तकातलं तिचं झालेलं आहे. कमी पडतं ते तोंडानं सांगणं. बाबा, रोज सांजच्याला अर्धा तास तिच्यासमोर बसून तुम्ही प्रश्न विचारा. पहिला हाच विचारा, कारण वर्धा जिल्हा म्हटला की हा येतोच: "१९७५ पासून दारूबंदी आहे, मग तुमच्या गावात दारू मिळते का?" "नाही" म्हटलं तर खोटं पडतं. "सगळे हप्ते घेतात" म्हटलं तर पुरावा विचारतात. तिनं सरळ सांगावं की मिळते, नाल्याकाठी मोहाची हातभट्टी लागते आणि शेजारच्या जिल्ह्यांतून बाटल्या येतात. लगेच पुढचा प्रश्न असतो, "तुम्ही ठाणेदार असता तर?" इथं बहुतेक मुलं "कडक कारवाई करेन" म्हणून गप्प होतात. तिनं क्रम सांगावा: खबर मिळाली की स्टेशन डायरीत नोंद, दोन पंच सोबत, छाप्याचं मोबाइलवर चित्रीकरण (१ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, झडती-जप्तीला ते लागतंच), सडव्याचा (दारूसाठी आंबवलेल्या मोहाचा) नमुना बाटलीत घेऊन पंचांसमोर सील, उरलेला सडवा जागेवर नाश, मग दारूबंदी कायद्याच्या कलम ६५ एफ खाली गुन्हा. केस सुटते कुठं हेही तिला माहीत हवं. पंच फितूर होतात, सीलवर पंचांच्या सह्या नसतात. हे सांगणारी मुलगी वेगळी दिसते.

आई, तुझ्या बचत गटातल्या ज्या बाया दारूविरुद्ध ठाण्यात जातात, त्यांच्यासोबत तिला एकदा बसव. त्यांना ठाण्यात काय ऐकावं लागतं ते तिनं त्यांच्याच तोंडून ऐकावं.

दुसरा हमखास प्रश्न हद्दीचा. रात्री बाई तक्रार घेऊन आली, घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतली. परत पाठवायचं नाही. गुन्हा दखलपात्र असेल तर शून्य क्रमांकानं नोंदवायचा (नव्या संहितेचं कलम १७३), फिर्यादीला प्रत फुकट द्यायची आणि कागद त्या ठाण्याकडे पाठवायचे. अटकेतल्या माणसाला २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करायचं, त्यात प्रवासाचा वेळ धरत नाहीत.

उत्तर येत नसेल तर "माहीत नाही, सर" म्हणावं. अंदाजानं कलम ठोकलं की पुढचे चार प्रश्न त्याच कलमावर येतात. बोलणं वऱ्हाडी आलं तर येऊ द्या, शब्द स्पष्ट असले की झालं.

बाबा, कागद आजच काढून बघा. दहावीची सनद, पदवी, अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर, सगळे मूळ आणि दोन-दोन झेरॉक्स. तुमचं नाव सनदेवर रामराव आहे आणि सातबाऱ्यावर रामभाऊ. तिच्या बाकीच्या कागदांवर काय आहे ते एकेक अक्षर वाचा. फरक असेल तर दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र तहसीलमधून करून ठेवा. नॉन-क्रीमीलेयरची मुदतही तपासा, सेतूत गर्दी असली की दाखल्याला दिवस लागतात.

आयोगात ओळख आहे म्हणून कुणी पैसे मागितले तर एक रुपया देऊ नका, मामा घेऊन आले तरी. नंबर लिहून ठेवा आणि मला फोन करा.

मुंबईला बोलावलं तर एक दिवस हाताशी ठेवून विदर्भ एक्सप्रेसचं तिकीट काढा. साडी नवी घेऊ नका, जी नेसून ती दिवसभर वावरते तीच सुती साडी इस्त्री करून द्या.

आईच्या गोळ्या संपत आल्या असतील, तेवढ्या आणा.

तुमचा,
प्रशांत