बसा म्हणाले होते, ते मागे घेते

पनवेल, रविवार रात्र

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर आई "हो हो, करतो गं" म्हणते आणि बाबा फोन आईच्या हातात देतात. कागद असला की बाबा चष्मा लावून निदान शुद्धलेखनाच्या चुका काढायला तरी वाचतील.

गेल्या वर्षी मे महिन्यात बाबा न्हाणीच्या उंबऱ्याशी पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि त्या दिवसापासून मी एकच धोशा लावला. बसा. उठू नका. पाणी हवंय तर हाक मारा. आईचे गुडघे दुखतात म्हणून पोळ्यांना आणि केरफरशीला बाई लावली, आईलाही सांगितलं की आता तू पाय हलवायचा नाहीस. मला वाटलं, मी तुमची काळजी घेतेय.

या जूनमध्ये आले तेव्हा बाबांना खुर्चीतून उठताना पाहिलं. दोन्ही हात दांड्यांवर, एक झोका, दुसरा झोका, तिसऱ्याला उभे. आणि उभे राहून माझ्याकडे असे बघितलंत बाबा, जणू काही चोरी पकडली गेली. खुबा तर उत्तम बसलाय, डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलंय. मग पाय का उचलत नाहीत? इथल्या फिजिओबाईंना रिपोर्ट दाखवले, विचारलं. त्या म्हणाल्या, "हाड बरं झालं, पण मांडीचा स्नायू वर्षभर रिकामा बसलाय. म्हातारपणी बसून राहिलं की तो फार लवकर आटतो." मी गप्प. रिकामा बसवला कोणी?

तर बसा म्हणाले होते, ते मागे घेते.

बाबा, तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे, तुमच्याच खात्याची, कंडक्टरकीची म्हणा. लंडनला जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर होते. त्यांनी तिथल्या दुमजली बसवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. एकच नोकरी, एकच रस्ता, एक दिवसभर बसलेला आणि दुसरा जिना चढत-उतरत तिकिटं देणारा. हृदयविकार कंडक्टरांत कमी निघाला. १९५३ साली ते छापून आलं, आणि हालचालीचा हृदयाशी संबंध आहे ही गोष्ट डॉक्टर लोक तिथून पुढे गांभीर्याने घेऊ लागले. मॉरिस स्वतः ९९ वर्षं जगले. आता दुमजली बस काही तुमच्या वाट्याला आली नाही, पण चिपळूण-कराड गाडीत कुंभार्ली घाटाच्या वळणावर दांडा न धरता, एका हातात पैसे आणि दुसऱ्या हातात पंच घेऊन तुम्ही उभे असायचात, हे मी खिडकीजवळ बसून पाहिलंय. तोल म्हणजे काय हे तुमच्या पायांना शिकवायची गरज नाही, आठवण करून द्यायची आहे.

"या वयात काय ताकद येणार" हे तुमचं वाक्य मला माहीत आहे. १९९० साली अमेरिकेत बोस्टनला वृद्धांच्या संस्थेत ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांना मांडीचा व्यायाम दिला, आठ आठवडे. पायांची ताकद सरासरी दुपटीहून जास्त वाढली. दोघांनी काठी ठेवून दिली. तुम्ही ७६ चे. त्यांच्यात पोरसवदाच.

काय करायचं ते सांगते. फार नाही.

बाबांची जुनी सागवानी खुर्ची घ्या, दांड्यांची. प्लास्टिकची नको, ती फरशीवर सरकते. पाठ भिंतीला टेकवून ठेवा. बैठक खाली वाटते, म्हणून सतरंजीची घडी घालून ती उंच करा. बाबा, तुम्हाला उंची लागतेच, कारण डॉक्टरांनी खुबा काटकोनापेक्षा जास्त दुमडायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही असं सांगितलंय. आईला उंची हवी ती गुडघ्यावरचा भार कमी व्हावा म्हणून. पावलं गुडघ्यांच्या जरा मागे घ्यायची, अंग थोडं पुढे आणायचं, आणि उठायचं. सुरुवातीला हात लावा, लाज नाही. पण बसताना धपकन सोडून द्यायचं नाही, तीन मोजत हळूहळू टेकायचं. उतरतानाही मांडीला मेहनत होते. पाच वेळा उठबस, मग दम खा, जमलं तर आणखी पाच. आई, तुझ्या गुडघ्यांनी सतरंजीची एक घडी कमी मागितली की काढायची. बाबांनी मात्र आहे तीच ठेवायची.

जूनमध्ये मी गंमत म्हणून घड्याळ लावलं होतं ना, तीस सेकंदांत हात न लावता किती वेळा उठता ते? ती गंमत नव्हती, परीक्षा होती. बाबांच्या वयाच्या पुरुषाला ११ तरी यायला हवेत, ७२ च्या आईला १०. आईला सहा आले. बाबांचं लिहीत नाही.

बसल्या बसल्या एक पाय समोर सरळ करायचा, चवडा आपल्याकडे ओढायचा, पाच मोजायचे, खाली. दहा-दहा वेळा. गुडघ्याची वाटी जिथे असते त्याच्या वरचा स्नायू टणक लागला पाहिजे, हात लावून बघ आई. मोजायचं ते मोठ्याने. बाबांनी श्वास कोंडला की ब्लडप्रेशर चढतं, आणि आकडे म्हणताना श्वास कोंडता येत नाही. नाहीतर चिपळूणपासून कराडपर्यंतचे थांबे म्हणा, तेही चालतील.

आई, तुझं म्हणणं की गुडघा झिजलाय, वापरला तर आणखी झिजेल. मीही हेच समजत होते. पण सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीला, रक्तवाहिन्याच नसतात. तिला जे पोषण मिळतं ते सांध्यातल्या पाण्यातून, आणि ते पाणी आत-बाहेर खेळतं पाय हलवल्याने. म्हणून तर सकाळी उठल्यावर गुडघे धरलेले असतात आणि चार पावलं टाकली की मोकळे होतात. थोडं दुखलं तर घाबरू नकोस. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं नेहमीइतकंच असेल तर ठीक, वाढलेलं असेल तर निम्मं कर. बंद करू नकोस. आणि वजन एक किलो उतरलं तर दर पावलाला गुडघ्यावरचा चार किलो भार उतरतो, हे मी तुझ्या आंबोळीकडे बघून म्हणत नाहीये.

चहा उकळेपर्यंत ओट्याला दोन्ही हात धरून टाचा उचलायच्या, टेकवायच्या. मग एक पाऊल दुसऱ्याच्या किंचित पुढे ठेवून दहा आकडे उभं राहायचं. आठ दिवसांनी एक हात, मग नुसती बोटं. बाबांनी हे आई जवळ असतानाच करायचं आणि मागे खुर्ची ठेवायची. आठवड्यातून तीन दिवस तरी तोलाचं व्हायला हवं. पावसात पडवीत चालायला जाऊ नका, शेवाळ धरलेलं असतं. माजघरात फेऱ्या घाला, जेवणानंतर दहा मिनिटं. आईची साखर खाली यायला त्याने मदत होईल. आई, रिकाम्या पोटी मात्र काहीच करायचं नाही, तुझ्या गोळ्यांनी साखर एकदम उतरते.

पलंगावरून उठताना आधी पाय खाली सोडून पंजे वीसेक वेळा वर-खाली करा, मगच उभे राहा. रात्री लघवीला उठताना विशेष. छातीत दुखलं, गरगरलं, बोलता येणार नाही इतका दम लागला तर तिथेच थांबायचं आणि मला फोन. डॉक्टरांनाही यादी दाखवून या, मी कागद वेगळा लिहून आत ठेवलाय.

पोळ्यांच्या बाई राहू देत. पण आमटीला फोडणी आईने द्यावी आणि बाबांनी पाणी स्वतः उठून घ्यावं. मी आल्यावर सवयीने "बसा" म्हणेन, तेव्हा ऐकू नका.

रात्री फोन केल्यावर "केलं का?" असं विचारणार नाही, तुम्ही दोघंही खोटं बोलता. रोजची उठबस किती ते भिंतीवरच्या कॅलेंडरात तारखेच्या चौकोनात लिहा, दुधाच्या हिशेबाखाली. गणपतीला आले की पानं उलटून बघेन.

न्हाणीपुढचं ते घसरतं पायपुसणं फेकून दिलंत का? रबरी तळाचं पाठवलंय, मंगळवारपर्यंत मिळेल. तोवर तिथे काहीच ठेवू नका.

तुमची,
ताई